मागे उभा राहणारा

आमचा धाकटा कळव्याच्या मैदानावरून तोंड पाडून घरी आला. "पप्पा, मी बॅकला खेळतो. गोल दुसराच मारतो, नाव त्याचंच होतं." आम्ही त्याला जवळ बसवून डेरिक परेरांची गोष्ट सांगितली.

परेरा गोव्याचे. साळगावकर संघाचे आणि भारताचे बचावपटू. खेळणं थांबलं तसे ते प्रशिक्षक झाले. २००५-०६ साली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली. पुढे पुणे एफसी, आणि २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवा. महिंद्रचा संघ २०१० साली बंद पडला. परेरांची विद्या बंद पडली नाही. मागे उभ्या असलेल्याला सगळं मैदान समोर दिसतं, हे त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

आपल्या लोकांना हे कळायला हवं. बाळू पालवणकरांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कप्तानपद जातीमुळे त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. राबायला आपण चालतो. संघ हाती देताना लोक मागंपुढं पाहतात. म्हणून नुसतं खेळून भागत नाही. प्रशिक्षकाचे परवाने असतात, त्यांच्या परीक्षा असतात. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं, ते मैदानालाही लागू आहे.

परवाच्या रविवारी धाकटा विहारामागच्या मोकळ्या जागेत दिसला. सहा-सात चिमुरडी पोरं रांगेत उभी, आणि हा मागे उभा राहून त्यांना जागा दाखवत होता.