माया लोक कुठे गेले?

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या जंगलात पालेंके ही जुनी माया नगरी आहे. सकाळी आत शिरलो तोच डरकाळ्या ऐकू आल्या आणि मी दचकलो. वाटाड्या म्हणाला, "माकडं आहेत, घाबरू नका."

समोर पायऱ्यापायऱ्यांचं उंच मंदिर होतं. राजा पकालने इथे ६१५ ते ६८३ अशी ६८ वर्षं राज्य केलं. त्याची कबर १९५२ साली याच मंदिराच्या पोटात सापडली. नवव्या शतकात नगरी ओस पडली आणि रानाने ती झाकून टाकली.

मी सहज विचारलं, "एवढं सगळं बांधणारे माया लोक गेले तरी कुठे?"

तो हसला. "कुठेच नाही. मी इथलाच आहे. घरी आम्ही चोल बोलतो, ती माया भाषाच आहे."

मी ओशाळलो. "तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकं छान कसं?" हे मी शाळेपासून ऐकत आलोय. माझी आजी मराठीतच रागवायची, मराठीतच दुवा द्यायची. तरी दर वेळी उत्तर द्यावं लागतं. विचारणारा वाईट नसतो, आमच्याबद्दल त्याने आधीच काही ठरवलेलं असतं. आज तेच मी केलं होतं.

राजवाड्यातली कोरीव अक्षरं पाहताना आणखी एक गोष्ट आठवली. १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. आज जगात चारच उरल्या आहेत. त्याआधी साठेक वर्षांपूर्वी स्पेनच्या ग्रानाडात सिस्नेरोसने, तोही फ्रान्सिस्कनच, अरबी ग्रंथांची होळी केली होती. गंमत अशी, की याच लांदाने काही माया चिन्हं आपल्या वहीत टिपून ठेवली होती. त्यांच्याच आधाराने रशियाच्या युरी क्नोरोझोव्हने १९५२ साली लिपी उलगडण्याची वाट दाखवली.

निघताना वाटाड्याला घरून फोन आला. तो चोलमध्ये बोलू लागला. मला एक शब्द कळला नाही, पण उशीर झाल्याबद्दल बोलणी खातोय एवढं कळलं.

हल्ली माझ्या मराठीचं कुणी नवल केलं, की मी चिडत नाही. त्याच्यासारखाच हसतो आणि म्हणतो, "मी इथलाच आहे."