लांबलचक शब्दाची उकल

काही शब्द दुरूनच भीती घालतात. इंग्रजीतील ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम’ हा त्यांपैकीच एक. रोमन लिपीत तो लिहावयास २८ अक्षरे लागतात. तो दिसताच विद्यार्थी बिचकतो व मुकाट्याने पान उलटतो. परंतु डोंगर कोणी एका उडीत चढत नाही. एकेक पायरी चढली की माथा आपोआप जवळ येतो.

‘एस्टॅब्लिश’ म्हणजे प्रस्थापित करणे, ही पहिली पायरी. त्याला ‘मेंट’ जोडले की प्रस्थापना झाली; येथे तिचा अर्थ, राज्याने एखाद्या ख्रिस्ती धर्मसंस्थेस, म्हणजे चर्चला, दिलेली अधिकृत मान्यता. ‘डिस’ लागताच ती मान्यता काढून घेतली जाते. ‘एरिअन’ म्हणजे ती काढून घ्यावी असे म्हणणारा, ‘अँटि’ म्हणजे त्याला विरोध करणारा आणि ‘इझम’ म्हणजे त्या विरोधकाचे मत. झाली शब्दाची उकल!

आता उच्चार. ॲन्-टि-डिस्-एस्-टॅब्-लिश्-मेन्-टे-रि-अ-नि-झम् असे त्याचे बारा खंड पडतात. मराठी माणूस ते बहुधा सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजीत मात्र एका खंडावर विशेष आघात द्यावा लागतो. ‘एस्टॅब्लिश’ या मूळ शब्दात तो ‘टॅब्’वर असतो. शब्द लांबला की मुख्य आघात पुढे सरकून आठव्या खंडावर, ‘टे’वर येतो, ‘ॲन्’ आणि ‘टॅब्’ यांच्या वाट्याला दुय्यम आघात उरतो.

या बारा खंडांमागे एक खराखुरा तंटा आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील बहुसंख्य लोक कॅथलिक पंथाचे होते. राजमान्यता मात्र प्रॉटेस्टंट चर्चला होती. जे चर्च आपले नव्हे, त्याच्या खर्चाचा भार गरीब कॅथलिक शेतकऱ्यांनाही सोसावा लागे. ग्लॅडस्टन पंतप्रधान असताना, १८६९ साली, ही मान्यता काढून घेण्याचा कायदा झाला व १८७१ पासून तो अमलात आला. वेल्समध्ये तसेच १९२० साली घडले. इंग्लंडचे चर्च मात्र आजही राजमान्य आहे.

ज्या शब्दाचा उच्चार जमत नाही, त्याविषयी प्रश्न विचारण्यास माणूस कचरतो. आणि जो प्रश्न विचारीत नाही, त्याचे निर्णय दुसरेच घेऊ लागतात. म्हणून राज्यकारभारातील अवजड शब्दांपुढे मान तुकवू नये. ते फोडावेत, मोठ्याने म्हणावेत आणि त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, तेही पाहावे.