घंटा वाजल्यानंतर

४ डिसेंबर २०२० रोजी ओकिनावातील नाहाहून हानेदाकडे निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानाचे डावे इंजिन हवेतच निकामी झाले. वैमानिकांनी विमान सुखरूप नाहाला परत आणले. इंजिनाच्या पंख्याची दोन पाती मोडली होती. बरोबर ७८ दिवसांनी अमेरिकेत डेन्व्हरजवळ त्याच जातीच्या विमानाचे तसेच पाते मोडले. या वेळी आगही लागली.

आगीची घंटा कशी वाजते, हे मला प्रोग्रॅम लिहिणारा म्हणून फार आवडते. इंजिनाभोवती उष्णता ओळखणारे दुहेरी वेढे असतात. दोघांचे एकमत झाले तरच घंटा वाजते, म्हणजे एखादा बिघडलेला वेढा उगाच घाबरवत नाही. वैमानिक हँडल ओढून इंधन तोडतो आणि ते फिरवून आग विझवणारा वायू सोडतो. डेन्व्हरला वायूच्या दोन्ही बाटल्या सोडूनही दिवा लगेच विझला नाही. तरी सर्वजण सुखरूप उतरले.

पुढे तपास झाला. ही पाती टायटॅनियमची, आतून पोकळ. तडा आतल्या बाजूने सुरू होतो, बाहेरून दिसत नाही. २०१८ मध्ये हवाईजवळ असेच पाते मोडल्यावर दर ६,५०० उड्डाणांनी तपासणीचा नियम झाला होता. डेन्व्हरचे पाते तपासणीनंतर सुमारे ३,००० उड्डाणांतच गेले. म्हणजे नियम पाळूनही पाते मोडले; नियमच अपुरा होता. जपानने अशी ३२ विमाने जमिनीवर ठेवली आणि पुढे तपासण्यांमधले अंतर खूप कमी झाले.

हे सांगत असताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मग शिक्षा कोणाला झाली?" मी तिला सांगितले, की जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे काम दोषी शोधण्याचे नाहीच. कारण शोधायचे आणि पुन्हा तसे घडू नये म्हणून उपाय सुचवायचा, एवढेच. शिक्षेची भीती असली तर खरे कोण सांगेल?

घरात पेला फुटला की आपण पालक आधी विचारतो, "कोणी फोडला?" मुले गप्प बसतात. "कसा फुटला?" असे विचारले, तर टेबल ओले होते हे कळते. मग टेबल पुसता येते.