हातिमचे शौर्य

मला साहसकथा फार आवडतात. परदेशी चित्रपटांत चिलखत घातलेले वीर आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी लढतात. आपल्याकडे होमी वाडिया यांचा ‘हातिमताई’ १९५६ साली आला. त्यात जयराज हातिम झाले होते.

हातिमची गोष्ट तुम्ही उर्दूत वाचली असेल. तो सात सवालांची उत्तरे शोधायला निघतो. वाटेत अनेक संकटे येतात. पण तो राज्यासाठी किंवा धनासाठी फिरत नाही. दुसऱ्याचे दुःख दूर व्हावे म्हणून फिरतो. गोष्टीतला एक सवाल आहे, ‘नेकी कर, दरिया में डाल’. म्हणजे उपकार करावा आणि विसरून जावा.

एका मुलाने मला विचारले, “सर, आपल्या शहापुरात ड्रॅगन कुठे आहे?”

मी म्हणालो, “भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. पण उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या डोंगरातही तेच हाल. तहान हाच आपला ड्रॅगन.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो शेजारच्या म्हाताऱ्या आजींचा हंडा वाहून नेताना दिसला. त्याने ते कोणालाही सांगितले नाही. म्हणून मीही त्याचे नाव सांगत नाही.