बॉनेटवरचा ओघळ

दिवाळीच्या सुट्टीत थोरल्याचं पोरगं पुण्याहून आलं ते खोक्यात मोटार घेऊन. मोटार म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग. जोडायचे, रंगवायचे आणि कपाटात ठेवायचे. खोक्यावर १:२४ छापलेलं, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा. मला हसूच आलं. एवढ्या खटाटोपात दोन वाफे भांगलून झाले असते.

त्यानं अंगणातच लाल रंगाचा स्प्रे मारला. शेजारी सोयाबीनची मळणी चाललेली, भुसकाट उडत होतं. डबा जवळ धरून एकाच जागी दाबून धरला. बघता बघता बॉनेटवर ओघळ उतरला, टपावर भुशाचे कण बसले. पुसायला बोट लावलं तर ठसा उठला. "आबा, फेकून देतो," म्हणालं.

मी बोललो नाही. दहावीनंतर सहा महिने तालुक्याच्या एका गॅरेजात मी डेंटिंग-पेंटिंग शिकलो होतो, त्यामुळं घरच्या ट्रॅक्टरला रंग मीच द्यायचो. थोरला तेरा वर्षांचा असताना त्यानं हौसेनं बॉनेटला एक हात मारला. असाच ओघळ आला. चार माणसांसमोर मी म्हणलो, "तुझ्या हातानं कुठलं काम सरळ झालंय का?" पुढं तो शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, चांगलं झालं. पण त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यानं पान्हा हातात घेतला नाही.

"फेकू नको. आठ दिवस हात लावू नको," एवढंच नातवाला सांगितलं.

ओघळ वरून सुकतो, आत ओला राहतो. घाईनं घासला की गोळा होऊन निघतो. रोज सकाळी पोरगं गाडी नाकाला लावून हुंगायचं. वास येतोय तोवर रंग कच्चा. मधे त्यानं विचारलं, "थिनरनं पुसू?" म्हणलं, "पत्रा नव्हं हा, प्लास्टिक आहे. रंगाबरोबर गाडीपण विरघळंल."

नवव्या दिवशी बसलो. १००० नंबरचा वॉटर पेपर खोडरबराला गुंडाळला. नुसत्या बोटानं घासलं तर खड्डा पडतो. पाण्यात साबणाचा एक थेंब. फक्त ओघळाच्या डोक्यावर हलका हात, मग १५००. कडेला जपायचं, तिथं रंग पातळ असतो. तरी एका कडेला प्रायमर उघडा पडलाच. तो माझ्याच हातून पडला. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. म्हणलं, "झालं चुकून. परत रंग मारू."

एक गोष्ट मला तेव्हा कळली. गाडी चोवीस पटीनं लहान होते, रंगाचा थर काही होत नाही. ट्रॅक्टरला शोभणारा जाड हात इथं मारला तर दारांच्या फटीच बुजतात. म्हणून पातळ तीन हात, मधे वाळायला वेळ.

या वेळी न्हाणीघरात मारला. आधी फरशी ओली केली, धूळ बसते. डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला, फवारा बारीक येतो. चुलीजवळ मात्र कधी न्यायचा नाही, फुटेल. वीतभर लांब धरायचा. तासाच्या टोकाला औत बाहेर काढून वळवतो, तसा फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. हे सांगितल्यावर पोराचा हात एकदम सरळ चालला. वरनं बादली पालथी घातली. पुढं वाळल्यावर २००० नंबरचा पेपर आणि शेवटी कंपाउंड, जुन्या बनियनच्या चिंधीनं.

सुट्टी संपायच्या दिवशी थोरला न्यायला आला. पोरानं गाडी पुढं धरली. "पप्पा, ओघळ कुठं होता, ओळखा."

त्यानं ती उन्हाकडं तिरकी धरली. बराच वेळ बघितलं. बॉनेटवरनं अंगठा फिरवला.

"बॉनेट बेस झालंय," तो म्हणाला. "टपावर एक कण राहिलाय मात्र."

"पेपर कोनाड्यात हाय," मी म्हणलो.

त्यानं हातातलं घड्याळ काढून पोराकडं दिलं, तांब्यात पाणी घेतलं आणि पायरीवर बसला.