बर्डीहून बहुफलकांच्या मुलखात

नागपूरच्या बर्डीहून लांब जायचं म्हणजे माणूस रेल्वे स्टेशन गाठतो, नाहीतर विमानतळ. मी मेन रोडवरच्या गोंगाटात खिडकी लावून घेतली, लॅपटॉप उघडला आणि परमुलखात उतरलो. वाहन फुकटचं, नाव जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ते घडवायला घेतलं. त्रिमितीत शिरायची सोय २०१४ मध्ये झाली.

तिथे ना जमीन, ना आभाळ, ना वजन. लाल, हिरवा आणि निळा असे तीन अक्ष जिथे छेदतात, तोच या मुलखाचा झिरो माइल. सगळी अंतरं तिथूनच मोजायची.

एक आज्ञा टाईप केली आणि द्वादशफलक समोर उभा! १२ पंचकोनी भिंती, ३० कडा, २० कोपरे. माउसने ओढला की निमूट वळतो. चाक फिरवत जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, आणि भिंत आडवी आलीच नाही. मी थेट आत! आमचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे. सामान्य माणसाला तो स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन अशा मोजक्याच दिवशी उघडा. इथे पहारेकरीच नाही.

कायदे मात्र असे कडक की विचारू नका. सगळ्या भिंती एकसारख्या, नियमित आणि सगळे कोपरे सारखे असे बहिर्वक्र रहिवासी फक्त पाच. सहावा का नसावा? खटपट करून पाहिली. एका बिंदूभोवती तीन पंचकोन मांडले: ३२४ अंश झाले, ३६ अंशांची फट उरली. ती मिटवली की कोपरा टोकदार होऊन वर उठतो. मग तीन षटकोन मांडले. ३६० अंश पुरे भरले! फटच नाही, तर दुमडणार काय? फरशीसारखे सपाट पडून राहिले. भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाहुण्यालाही इथे सहावा रहिवासी वसवता येत नाही. युक्लिडने हे पडद्याशिवाय, सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, याचं मला त्या कोपऱ्याहून जास्त नवल वाटतं.

पुढचा मुक्काम रॉबर्ट वेब यांच्या ‘ग्रेट स्टेला’ या सॉफ्टवेअरमध्ये. इथे नॉर्मन जॉन्सन यांची वस्ती आहे: भिंती नियमित, पण सर्वत्र सारखेपणाची अट नाही. त्यांनी १९६६ मध्ये ९२ जणांची यादी दिली. त्र्याण्णवावा असूच शकत नाही हे झालगालर यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं. गावकुसाबाहेर काही तोतये राहतात. कागद आणि डिंकाने केले तर बेमालूम जुळतात, कारण कागद थोडं सोसून घेतो. कोन मोजले की पितळ उघडं पडतं.

मला खरा चकवा दिला ३७ क्रमांकाने. आर्किमिडीजच्या घराण्यात १८ चौरस आणि ८ त्रिकोणांचा एक देखणा गृहस्थ आहे. त्याची वरची टोपी ४५ अंशांनी फिरवली की हा ३७ वा तयार. भिंती तितक्याच, प्रत्येक कोपऱ्याशी तेच तीन चौरस आणि एक त्रिकोण. दोघांना शेजारी ठेवून गरागरा फिरवलं, तरी जुळे भाऊच वाटत होते. शेवटी पट्टे मोजले. आठ-आठ चौरसांचे कमरपट्टे मूळ गृहस्थाला तीन दिशांनी आहेत, पिळलेल्याला एकच.