कोणी कोणाबरोबर

इंग्रजीतल्या ‘अँड’वर माझा फार जीव आहे. ‘मीरा सिंग्ज’ या वाक्यात मीरा एकटी गाते. ‘अँड’चा हात धरून जाई शेजारी येऊन बसते आणि क्रियापदाच्या टोकाचा ‘एस’ गळून पडतो: ‘मीरा अँड जाई सिंग’. मराठीत माणसं वाढली की ‘गाते’चं ‘गातात’ होतं, क्रियापद भरून येतं. इंग्रजीत ते सोबत मिळताच हलकं होतं.

पण शेजारी बसलेला प्रत्येक जण जोडीदार नसतो. ‘मीरा, अलाँग विथ हर सिस्टर्स, सिंग्ज’. इथे बहिणी कितीही असोत, गाण्याचा भार मीरावरच. ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’चंही तेच. ‘ऑर’ आला की क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं: ‘आयदर द टीचर ऑर द स्टुडंट्स आर’, नावांची अदलाबदल केली की ‘इज’. आणि ‘ब्रेड अँड बटर’ हे एकच खाणं म्हणून समोर आलं, तर दोन नावं असूनही ‘इज’च. मोजायची असतात ती नुसती नावं नव्हेत, त्यांच्यातलं नातं.

मराठीही हे नातं जपते. ‘नवरा-बायको आली’ या जुन्या वळणातलं नपुंसकलिंगी अनेकवचन दोघांनाही सामावून घेतं.

क्रियापदांची जोडणी तर त्याहून देखणी. ‘आई उठून, डबा भरून निघाली’ म्हणताना आपण उठणं आणि भरणं मागे ठेवतो. पुढे येतं ते निघणं. ‘मदर गॉट अप, पॅक्ड द टिफिन अँड लेफ्ट’ यात तिन्ही क्रिया एका रांगेत, सारख्या मानाने उभ्या राहतात. तिघींची आई एकच, म्हणून तिचं नाव एकदाच.

आपल्याकडच्या कित्येक पिढ्या ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणावर इंग्रजी शिकल्या. त्यातले पी. सी. रेन हिंदुस्थानातल्या शिक्षणखात्यात होते आणि कादंबरीकारही होते. ‘बो जेस्ट’ ही त्यांची गाजलेली कादंबरी १९२४ची. गोष्टी रचणाऱ्या माणसाने व्याकरण लिहावं, हे मला अगदी योग्य वाटतं. कोणी केलं, कोणाबरोबर केलं, आधी काय आणि मग काय, हेच तर दोन्हीकडे शोधायचं असतं.

म्हणून मुलांना हा धडा शिकवताना ‘इज’ की ‘आर’ हे आधी विचारू नका. या वाक्यात काम कोणी कोणी मिळून केलं, ते विचारा. त्याचं उत्तर सापडलं, की क्रियापद सहसा चुकत नाही.